तीस नंबरची ओळ

रामटेके बाई काहीही लिहायला बसल्या की आधी समासात आकडे टाकत. दहा, वीस, तीस, चाळीस. फळ्यावर विज्ञानाचे मुद्दे असोत की बाजाराची यादी, एक-दोन-तीन असं त्यांनी कधी लिहिलं नाही. गडचिरोलीच्या आमच्या शाळेत मी गणिताचा नवा मास्तर म्हणून लागलो, तेव्हा मी त्यांना याचं कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "मधात जागा ठिवाव, भाऊ. मागून काई आठवलं त पंधरा नंबर देऊन घुसवता येते. घाई काऊन कराची?"

ही खोड त्यांना कॉम्प्युटरने लावली होती. ते दिवस घरच्या टीव्हीला जोडायच्या कॉम्प्युटरचे होते. शाळेला असा एक मिळाला होता. जाडजूड की-बोर्ड, त्याच्याच पोटात सगळं मशीन, आणि प्रोग्राम साठवायला गाण्यांचा असतो तसलाच टेपरेकॉर्डर. चंद्रपूरला दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्याला बाई एकट्या गेल्या आणि बेसिक नावाची भाषा शिकून आल्या. तिच्यात प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागे आणि मशीन त्या क्रमानेच चाले. मी शाळेत लागल्यावर त्यांनी मलाही समोर बसवून दोन ओळी लिहायला लावल्या. पहिली ओळ पडद्यावर माझं नाव छापणारी, दुसरी पुन्हा पहिलीकडे पाठवणारी. माझ्या नावाने पडदा भरून वाहू लागला. मी हरखून गेलो. बाई म्हणाल्या, "चालून राह्यलं ना? आता तुमी थांबवल्याबिगर थांबत नाई थे." मग त्यांनी वीज बंद केली, पुन्हा चालू केली. पडदा कोरा. "पाहा, सारं विसरली. बंद केली का मशीन विसरते. मी नाई विसरत."

हे शेवटचं वाक्य त्या हसून बोलल्या होत्या, म्हणून मीही हसलो होतो.

आमच्या हेडमास्तरांना बाईंचं हे सगळं खुपत होतं. बाहेरची माणसं शाळेत आली की कॉम्प्युटर बघायला मागत, आणि मग खोलीची किल्ली बाईंकडे मागावी लागे. त्या वर्षी खंडेनवमीला हेडमास्तरांनी ठरवलं की प्रयोगशाळेतल्या तराजूबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा करायची. बाई दसऱ्यासाठी नागपूरला दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. किल्ली बाईंच्या कपाटातून काढली. हळदकुंकू झालं, झेंडूचा हार झाला, आणि हेडमास्तर मला म्हणाले, "फोडा नारळ." बाहेर पायरीवर फोडावा एवढी अक्कल मला नव्हती. मी तो टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटला. निम्मं पाणी की-बोर्डमध्ये गेलं. मी रुमालाने पुसून घेतलं. हेडमास्तर म्हणाले, "काही होत नाही."

सुट्टीनंतर मशीन सुरूच होईना. हेडमास्तरांनी दोन दिवसांत बाईंना मेमो दिला: यंत्र निष्काळजीपणे हाताळले. वर तोंडी ऐकवलं, "तुम्ही कधी हात जोडलेत का मशीनला?" बाईंकडून किल्ली काढून घेतली, कॉम्प्युटरचा तास स्वतःकडे घेतला आणि मेमोची नोंद बाईंच्या सेवापुस्तकात चढवली.

बाईंनी किल्ली देण्याआधी की-बोर्डचे स्क्रू काढले होते. आत मुंग्यांची रांग होती. त्या स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, मुंग्या का कुंकू खाते? नारळ कोनं फोडला?"

मी अजून कायम झालेलो नव्हतो. मी म्हणालो, "मला माहीत नाही, बाई."

त्यांना शिपायाने आधीच सगळं सांगितलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्यांना माहिती नको होती. माझ्या तोंडून हवं होतं, आणि एका शिक्षकाच्या सहीने हवं होतं, म्हणजे ती नोंद पुसता आली असती.

हेडमास्तरांचं उट्टं त्यांनी उन्हाळ्याआधीच काढलं. मशीन नागपूरहून दुरुस्त होऊन आलं आणि शिक्षणाधिकारी बघायला येणार असं कळलं. हेडमास्तरांना बेसिकचं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी बाईंना फर्मावलं, स्वागताचा प्रोग्राम टेपवर भरून द्या आणि त्या दिवशी ग्रंथालयात बसा. बाई "बरं" म्हणाल्या. इतक्या नरमाईने म्हणाल्या की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

साहेब आले. टेप किरकिरली, पडद्यावर साहेबांचं नाव झळकलं, टाळ्या पडल्या. खाली सूचना आली, कोणतीही कळ दाबा. हेडमास्तरांनी ऐटीत कळ दाबली. इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ उमटली, "रामटेके बाईंना विचारा." त्यांनी दुसरी दाबली. पुन्हा तीच ओळ. त्यांनी घाबरून हाताला येतील त्या कळा बडवल्या, तशा ओळी धबाधबा वर सरकू लागल्या. त्यांना घाम फुटला. साहेबांनी विचारलं, "या रामटेके बाई कोण?"

बाईंना ग्रंथालयातून बोलावलं. त्या अगदी सावकाश आल्या. एका कळेवर बोट ठेवून त्यांनी प्रोग्राम थांबवला आणि हेडमास्तरांपुढे तळहात पसरला. साहेबांच्या देखत त्यांना किल्ली द्यावी लागली. हेडमास्तरांचा तेव्हाचा चेहरा आठवला की मला आजही बरं वाटतं, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

लाज वाटते ती पुढच्या क्षणाची. साहेब म्हणाले, "मशीन मागे बिघडलं होतं म्हणे?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. साहेब समोर, हेडमास्तर तोंडघशी पडलेले, यापेक्षा सोपी वेळ मला मिळणार नव्हती. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

नोंद तशीच राहिली. पुढे मुख्याध्यापिकेची जागा आली तेव्हा त्या नोंदीवर बोट ठेवून बाईंना डावललं. बाई त्यावरून मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त दर वर्षी दसऱ्याच्या सुट्टीनंतर डबा उघडून खोबऱ्याचा एक तुकडा माझ्या पुढ्यात ठेवत. बाकी कोणाला नाही, मलाच. "घ्या भाऊ. गोड आहे." आणि मी तो चावून गिळेपर्यंत समोर बसत. त्या निवृत्त होईपर्यंत एकही वर्ष चुकलं नाही.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला त्यांचे जुने विद्यार्थी भरपूर आले होते, केस पिकलेले, काही पुण्याहून, काही हैदराबादहून. बुद्धवंदना झाली. मग बाईंच्या मुलीने, प्रज्ञाने, माझ्या हातात घडी केलेला कागद दिला. "आईनं लिहून ठिवला. म्हने, तुमीच वाचाल, माइकवर."

मला वाटलं, दोन शब्द असतील. मी माइकपाशी जाऊन घडी उघडली. समासात ओळखीचे आकडे होते. मी वाचलं, "दहा. छाप: नारळ कोणी फोडला?"

पुढे वाचणं भाग होतं. "वीस. उत्तर घे. चाळीस. दहाकडे जा."

मंडपातल्या निम्म्या माणसांनी ही भाषा बाईंकडूनच शिकली होती. पुढच्या रांगेतून एक जण म्हणाला, "सर, तीस राहिली वाचायची."

"तीस नाही," मी म्हणालो.

"मग हा प्रोग्राम कधी थांबनारच नाई ना, सर. बाई असं अर्धं कसं ठिवतीन?"

कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. शिपाई गेला, हेडमास्तर गेले, उत्तर देणारा मी एकटाच उरलो होतो, आणि बाईंनी तेवढ्यासाठीच वाट पाहिली होती.

"नारळ मी फोडला," मी म्हणालो. मग खंडेनवमी, टेबलाचा कोपरा, रुमाल, मेमो, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "बाईंचा काही दोष नव्हता."

मी खाली उतरलो. प्रज्ञा समोर आली. मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या. तिने तोच कागद माझ्यापुढे धरला. वीस आणि चाळीसच्या मधली जागा कोरी होती. तिने पेनचं टोपण काढलं.

"बोललेलं विसरते लोक, काका. आई म्हने, सही घेजो."

मी तिथेच, मंडपाच्या खांबावर कागद टेकवून, तीस आकडा टाकला, पुढे 'नारळ मी फोडला' असं लिहिलं आणि सही करून दिली.