मरून स्वेटरातलं गिऱ्हाईक

सत्य म्हणून जे काही भंडारा जिल्ह्यात आज शिल्लक आहे, त्याचा मुख्य साठा आमच्या भाऊजींपाशी आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिहोऱ्याला धानाची शेती करतात. साठी ओलांडली, तरी समोरच्याला बरं वाटावं म्हणून ते एक शब्द बोलल्याचं कुणाला आठवत नाही. पुतण्याच्या सोयरिकीला मुलीकडच्यांनी विचारलं, पोरगा कसा आहे? भाऊजी म्हणाले, "चांगला हाय. सकाळी नवाच्या आत उठत नाही, उठल्यावर चांगला हाय." जुनी स्कूटर विकायला काढली, तर आलेल्या माणसाला चहाच्या आधी तिचे सगळे दोष सांगितले. तो माणूस चहा पिऊन गेला. स्कूटर अजून गोठ्यात आहे. मी शाळेत मराठी शिकवतो आणि शाळेच्या स्मरणिकेत दरवर्षी एक चिंतनपर लेख लिहितो. मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सर्वांना तो आवडतो. भाऊजींना मी एकदा विचारलं. "अर्धा वाचला," ते म्हणाले, "मंग झोप लागली. पण मास्तर, झोप मस्त लागली."

त्यांची दुसरी रीत पायांची. जिथे धान्य आहे तिथे ते पायात वहाण ठेवत नाहीत. खळ्यावर तर नाहीच, पण गिरणीत, रेशनच्या दुकानात, धान घेणाऱ्याच्या गोदामातही जोडे दाराशी. लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात तांदळाचं पोतं दिसलं, म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि त्या चोरीला गेल्या. ताई चिडली. भाऊजी म्हणाले, "चपला गेल्या तं गेल्या. पोतं तं होतं ना?"

मागच्या डिसेंबरात ते भंडाऱ्याला आमच्याकडे आले होते. ताईने सामानाची यादी दिली होती, आणि मला त्यांना नागपूर रस्त्यावरचं नवीन मोठं दुकान दाखवायची हौस होती. काचेची दारं, चकचकीत फरशी, गार हवा, ढकलायच्या गाड्या. दारातच भाऊजींनी जोडे काढले. आत ताईने विणलेले पोपटी लोकरी मोजे होते. दरवान म्हणाला, "काका, जोडे घालूनच जा."

"अंदर तांदूळ हाय ना?"

"हाय."

"मंग?"

दरवानाने दार उघडून धरलं. मी चार पावलं पुढे सरकलो. दुकानात दहावीच्या दोन मुलांचे पालक होते, एका सहकाऱ्याची पत्नी होती, आणि मी मरून स्वेटर घालून बऱ्यापैकी प्रतिष्ठित दिसत होतो. मागे भाऊजी तांदळाच्या उघड्या पेटीत हात घालून दाणे चावत होते आणि मोठ्याने सांगत होते, "जुना म्हणते, पण नवा हाय!" मी साबणांच्या बाजूला गेलो. तेवढ्यात धप्पकन आवाज आला. पाहिलं तर भाऊजी नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर पालथे पडलेले, पोपटी तळवे छताकडे. सगळं दुकान बघत होतं. कोणीतरी हसलं.

आता जे लिहितोय ते ताईने वाचू नये. मी त्यांच्यापासून पाच पावलांवर होतो. मी त्यांना पाहिलं, मग वळलो आणि एक साबण उचलून त्याच्या पाकिटावरचा मजकूर वाचू लागलो. इतक्या बारकाईने मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकाही वाचलेल्या नाहीत. पोछा मारणाऱ्या बाईने आणि दरवानाने त्यांना उठवून बसवलं. त्यानंतर मी "अरे भाऊजी, काय झालं?" म्हणत आलो, जणू काही गोंदियाहून आलो.

उजवं मनगट मोडलं होतं. दीड महिन्याचं प्लास्टर. आणि चुरणं तोंडावर, म्हणजे धानाची मळणी. मशीनचा नंबर लागलेला, आणि पेंढ्या टाकायला एक हात कमी. ताई रडवेली होऊन मला म्हणाली, "तू होतास म्हणून बरं बापा." मीही म्हणून गेलो, "मी लगेच धावलो ना ताई."

भरपाई मागायची कल्पना माझीच. न धावलेल्या माणसाला नंतर फार धावावंसं वाटतं. भाऊजी तयार नव्हते. "पाय माहे, मोजे माहे, दुकानाचा काय दोष?" मी ग्राहकाचे हक्क सांगितले: फरशी ओली होती, पाटी लावलेली नव्हती. दुकानवाल्यांनी मजुराची सोय केली तर चुरणं वेळेवर होईल. शेवटी ते म्हणाले, "लिवा. पण खरं लिवा." मी तीन पानी अर्ज लिहिला. त्यांनी तो वाचून घेतला आणि 'असह्य वेदना' खोडायला लावलं. "सहन तं होऊन राहिली ना मले." तिथे 'सहन होण्याजोगी वेदना' आलं. जोडे स्वतःच काढले, मोजे पोपटी होते, हेही घालायला लावलं. मग 'सोबतच्या साक्षीदाराने तत्काळ धाव घेऊन सावरले' हे वाक्य आलं आणि ते थांबले.

"तुमी धावले, मास्तर?"

"धावलो ना भाऊजी."

"मले दिसलं नाही. मी पालथा होतो. तुमी म्हणता तं धावले असान."

आणि डाव्या हाताचा अंगठा उठवला.

दुकानाचा मॅनेजर भला माणूस निघाला. त्याने कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं, बघितलं आणि सरळ म्हणाला, "काका, पाटी नव्हती. चूक आमचीच आहे. दवाखाना अन् मजूर, दोन्ही मी मंजूर करून घेतो. फक्त अर्ज आणि हे चित्रण सोबत वर पाठवावं लागते, त्यात फरक नको." मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "अर्जात साक्षीदार धावला म्हणता. इथं तर हे एक जण पाहून तिकडं वळले. साबण वाचून राहिले. हे कोण?"

पडद्यावर मरून स्वेटर होता. मॅनेजरसमोरच्या खुर्चीतही मरून स्वेटर होता. मॅनेजरने एकदा तिकडे पाहिलं, एकदा इकडे, आणि पेनचं टोपण लावू लागला.

भाऊजी खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ वाकले. आता ते खरं काय ते एका वाक्यात सांगणार, याची मी वाट पाहत होतो.

"मायीत नाही," ते म्हणाले. "असन कोणी गिऱ्हाईक."

मग डाव्या हाताने अर्ज ओढून घेतला, त्याची घडी केली आणि खिशात घातली. "राहू द्या साहेब. मोजे माहेच होते."

"काका, पण तुमचा हक्क—"

"राहू द्या म्हनलं ना बापा."

परतताना ऑटोत ते धानाबद्दलच बोलले. ताईने विचारलं, "काहून वापस घेतला अर्ज?" तर म्हणाले, "माहीच गलती निघाली."

चुरण्याला मी दोन दिवस रजा काढून सिहोऱ्याला गेलो. खळ्याच्या कडेला बूट काढले. पेंढ्या मशीनपर्यंत नेण्यापलीकडे मला काही जमलं नाही, आणि तेही एक बाई मागून दुरुस्त करत होती. येणारा जाणारा प्लास्टर बघून विचारायचा, भाऊ, काय झालं? भाऊजी खाटेवरून माझ्याकडे हात करायचे. "बजारात पडलो. आमचे साळे होते संग, त्यायनं धरलं, म्हणून हातावर निभावलं." लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. भाऊजींचा शब्द, शंका कोण घेणार?

त्या दोन्ही दिवशी सिहोऱ्यात कडाक्याची थंडी होती. स्वेटर मी भंडाऱ्याला ठेवून गेलो होतो.