निळ्या पडलेल्या भुवया

उचगावात आमच्या गल्लीच्या तोंडाला एका बाईचं ब्यूटी पार्लर आहे. दातांत दोरा धरूनच ती बोलते, तरी आवाज हायवेपर्यंत जातो. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती 'वैनी' म्हणते आणि प्रत्येक वैनीच्या चेहऱ्यात तिला काहीतरी खोट दिसते.

काही वर्षांपूर्वी तिने माझ्या जाऊबाईंच्या भुवया गोंदून दिल्या होत्या. पुढे काळा रंग निळा पडला. त्यात एक भुवई दुसरीपेक्षा वर, त्यामुळे मयताला गेल्या तरी जाऊबाई चकित झाल्यासारख्या दिसायच्या. मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा फोटोंच्या धास्तीने त्या मला घेऊन पुन्हा तिच्याकडे गेल्या.

तिने जाऊबाईंची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. "अगं बया! कुणी केलंय हो हे? हात हाय का फावडं?"

"तुम्हीच की!" जाऊबाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता तरी ही ओशाळेल. तिने भुवईवरून कौतुकाने अंगठा फिरवला. "तरीच रंग एवढा टिकलाय! आता लेसर मारूया. नवं मशीन आलंय."

"चालवायला येतंय का?" मी विचारलं.

"न यायला काय झालं? भुवया काढल्या बी मीच, आता काढतो बी मीच की!"

जाऊबाई तोवर डोळे मिटून खुर्चीत आडव्या झाल्या होत्या.