पाच सुनीता आणि सात मिनिटांचा यूपीएस

यूपीएस ओरडायला लागला तेव्हा दुपारचा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. लाइट गेली होती आणि चार वाजल्याशिवाय येणार नव्हती. यूपीएस म्हणजे लाइट गेल्यावर कॉम्प्युटरला थोडा वेळ जिवंत ठेवणारी बॅटरी. आमची बॅटरी म्हातारी झाली होती. सात मिनिटं, फार तर आठ, की खेळ खलास.

समोर रैनू मडावी आणि त्यांची मुलगी सुनीता. दोघं पेरमिलीकडून सकाळीच अहेरीला आलेले. सुनीताचा गडचिरोलीत नर्सिंगला नंबर लागला होता आणि कागद जमा करायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. बारावीनंतर तिची दोन वर्षं घरीच गेली होती. म्हणून कॉलेजला गॅपचं अॅफिडेव्हिट हवं होतं. म्हणजे, मधल्या काळात मी दुसरीकडे कुठे शिकत नव्हते, असं स्टँपपेपरवर छापून तहसीलदार साहेबांसमोर सही करायची. साहेब दीड वाजता दौऱ्यावर निघणार. गडचिरोलीची एसटी दोनला. रैनूभाऊंच्या हातात स्टँपपेपर एकच, आणि स्टँपवाला कुलूप लावून लग्नाला गेलेला.

मजकूर मी मागच्या बाजाराच्या दिवशीच टाइप करून ठेवला होता. आता फक्त फाइल उघडायची आणि छापायची.

ही दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. मी उस्मानचाचांच्या टायपिंगच्या दुकानात ऑपरेटर होते. चाचांनी जन्मभर टाइपरायटर बडवलेला. कॉम्प्युटर त्यांनी विकत आणला, पण त्याला हात लावायचे नाहीत. मी मात्र एका मासिकाच्या सीडीवरून त्यात लाँचर टाकून घेतला होता. ऑल्ट आणि स्पेस ही दोन बटणं एकदम दाबली की पडद्यावर एक पट्टी उघडायची. तिच्यात फाइलच्या नावाची दोन-तीन अक्षरं मारली की जुळणाऱ्या फाइली खाली हजर. एंटर मारला की पहिली उघडली. फोल्डर शोधा, खाली सरका, डबल क्लिक करा, ही कटकटच नाही. सवय लागावी म्हणून मी माउस चक्क कपाटात बंद केला होता. गिऱ्हाइकासमोर आधी दोन्ही हात हवेत उचलायचे, बोटं मोडायची आणि मग बटणं मारायची. लोक बघत राहायचे. मला फार मजा यायची.

चाचा म्हणायचे, "हार्मोनियम वाजवून राह्यली का कॉम्प्युटर?"

त्या दिवशीही मी हात उचलले. पट्टी उघडली, सुनीताच्या नावाची अक्षरं मारली, एंटर. तीन सेकंदांत अॅफिडेव्हिट पडद्यावर. "द्या भाऊ तो कागद," म्हणत मी स्टँपपेपर प्रिंटरमध्ये सरकवायला घेतला.

"थांब," चाचा म्हणाले. "वाचून दाखव पहले."

हा त्यांचा टाइपरायटरच्या काळापासूनचा नियम. स्टँपपेपरला हात लावण्याआधी मजकूर गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचा.

"चाचा, बॅटरी ओरडून राह्यली."

"ओरडू दे. तुले कान हायेत, मले बी हायेत. वाच."

मी दातओठ खात वाचलं. "मी, सुनीता बाजीराव मडावी, वय वर्षे एकवीस, राहणार आलापल्ली..." रैनूभाऊ हात जोडून प्रत्येक शब्दाला मान डोलावत होते. सरकारी भाषेत वाचलं जातंय म्हणजे खरंच असणार, अशी त्यांची श्रद्धा.

सुनीता हळूच म्हणाली, "ताई, माह्या बापाचं नाव बाजीराव नाई."

चाचांनी चष्मा वर सरकवला. "घ्या. पोरीचा बापच बदलून टाकला हिनं."

"बाबा, तुमी काऊन मान हलवून राह्यले?" सुनीतानं विचारलं.

"बाई वाचून राह्यली होती ना जी," रैनूभाऊ म्हणाले.

चूक माझीच. आमच्या भागात मडावी, आत्राम, गावडे गावोगावी. मी मात्र फाइलींना नाव-आडनाव देत गेले होते, आणि तेच नाव पुन्हा आलं की पुढे आकडा. सुनीता मडावी पाच झाल्या होत्या. शिवाय लाँचरची एक खोड असते: जी फाइल आपण जास्त वेळा उघडतो तिला तो आपल्या मनानं वर ठेवतो. आलापल्लीच्या सुनीतानं मजकूर चार वेळा बदलायला लावला होता. म्हणून ती पहिली. आणि मी यादी न बघताच एंटर मारला होता.

आता हात हवेत उचलायला वेळ नव्हता. पट्टी, अक्षरं, खालचा बाण, एंटर. दुसरी सुनीता उघडली.

"बाप कोण?" चाचा.

"लक्ष्मण."

"नाई," बापलेक एकदम म्हणाले.

फाइल बंद. पट्टी, अक्षरं, बाण, बाण, एंटर. "सुधाकर." "नाई." फाइल बंद. यूपीएसचा आवाज आता सलग झाला होता. म्हणजे शेवटचं एखादं मिनिट. माउस धरून बसले असते तर मी अजून दुसऱ्याच सुनीताच्या दारात असते. चौथी उघडली.

"रैनू. राहणार पेरमिली. वय वीस."

"हेच, हेच," रैनूभाऊ म्हणाले.

"आता तरी छापते," चाचा काही बोलायच्या आधीच मी म्हणून टाकलं.

"सगळं वाच," चाचा म्हणाले.

सहा ओळी मी एका दमात वाचल्या. या वेळी रैनूभाऊंनी मान हलवली नाही, पोरीकडे बघत राहिले. तिनं हलवली तेव्हा मी छापायला दिलं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरत शेवटच्या ओळीपर्यंत गेला, कागद माझ्या हातात आला आणि थोड्याच वेळात पडदा काळा झाला.

आम्ही सगळे तहसिलीत पोचलो तेव्हा साहेब जीपमध्ये चढत होते. चाचा, ज्यांना मी कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं, लुंगी सावरत पुढे धावले आणि जीपसमोर उभे राहिले. साहेबांनी बॉनेटवर कागद ठेवून सुनीताची सही घेतली, आपली केली आणि शिक्का मारायला लावला. एसटी मिळाली. सुनीताचं अॅडमिशन झालं.

पुढचे तीन रविवार मी सगळ्या फाइलींची नावं बदलत बसले. आधी गाव, मग बापाचं नाव, मग माणसाचं. लाँचर मी आजही वापरते. तो तीन सेकंदांत फाइल आणून देतो. ती कोणाची, हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. वेगाचा हिशेब ते अर्धं मिनिट धरून करावा.