स्वतःलाच खाणारा रस

आबांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्मचे टपालाच्या तिकिटाएवढे काळे तुकडे कायम असायचे. सत्तरच्या दशकात मी धुळ्याच्या एका दवाखान्यात नवी डॉक्टर होते आणि आबा तिथले जुने लॅबवाले. मला वाटलं, म्हाताऱ्याचा छंद असेल. मग एकदा त्यांनी एका तुकड्यावर स्वादुपिंडाच्या रसाचा थेंब टाकला आणि अर्ध्या तासानं तुकडा धुतला. थेंबाखालचा काळा थर गेला, आरपार दिसायला लागलं.

"फिल्मवर जिलेटिन असतं, म्हणजे प्रथिनच. रस ते खातो," आबा म्हणाले. "आणि बर्फात ठेवला नाही, तर बुवा स्वतःलाच खातो. आहे की नाही गंमत?"

साक्रीकडची सुमन पोटदुखीनं तिसऱ्यांदा दाखल झाली. सासू म्हणे, "बठ्ठं नाटक शे. काम दिसनं का पोट दुखस." या वेळी काही निघालं नाही तर तिला कायमची माहेरी धाडायची, असं नवऱ्यानं ठरवलं होतं. मीही शहाणी! केसपेपरवर 'मानसिक' लिहून मोकळी झाले.

"डॉक्टरीणबाई, रस बघू या की आधी," आबा म्हणाले.

तोंडातून आतड्यापर्यंत रबरी नळी घालून सुमन तीन तास कुशीवर पडून राहिली. बर्फातल्या बाटलीत रसाबरोबर पांढरे कण उतरले. असे प्रथिनाचे कण स्वादुपिंडाच्या जुनाट आजारात दिसतात. मी लगेच सांगून टाकलं, दुखणं खरं आहे. आबांनी मात्र बाटली हुंगली आणि सासूकडे गेले.

"अक्का, सकाळी हिला काय दिलं?"

"कपभर दूध पाजं. उपाशीपोटी पोर नळी कशी गिळी?"

नाटकी सुनेची एवढी काळजी! आबांनी मला निकाल मागे घ्यायला लावला. मी चिडले. "राहू द्या ना आबा, बिचारीचा संसार वाचतोय."

"दुधाच्या गुठळ्यांवर? उद्या बिंग फुटलं, की तिचं खरं दुखणंही खोटं ठरेल."

दुसऱ्या दिवशी सुनेबरोबर सासूही निर्जळी बसली. तुलनेला निरोगी रस हवा म्हणून आबांनी स्वतःही नळी गिळली. डोळ्यांत पाणी आलं, तरी हातानं 'चालू द्या' म्हणत होते. मग एकाच फिल्मवर दोन थेंब. आबांच्या थेंबाखाली फिल्म स्वच्छ झाली, सुमनच्या थेंबाखाली काळीच राहिली; तिच्या रसात खायची ताकदच उरली नव्हती. बाटलीत कण पुन्हा आले होते, आणि या वेळी दुधाचा थेंबही पोटात नव्हता.

"हे कण आतल्या बारीक वाटांत अडकतात, रस तुंबतो, म्हणून दुखतं," आबांनी सासूला दाखवलं. तिनं बाटली बराच वेळ हातात धरली. मुलाकडे वळून म्हणाली, "मायरले नही. मी तिले घर लई जास."

सुमन पडल्या पडल्या ऐकत होती. "आबा, म्हणजे दुखस ते खरं शे?" तिनं विचारलं. "आते ते मालेच वाटे, मी नाटक करस."

आबा तिच्या खाटेपाशी बसले. मला मात्र तिच्याकडे बघवलं नाही.