बांधावरची हाक

मंद्रूपच्या पुढं एका माळावर काळ्या धोंड्यांचा पुंजका होता. होता म्हणतेय, कारण आता नाही. मी आणि माझा मावसभाऊ तिथं बोल्डरिंग करायचो. म्हणजे दोर न बांधता, खाली जाड गादी टाकून, दोन पुरुष उंचीच्या दगडावर चढायचं. सोलापुरात हे सांगितलं की लोक नुसते तोंडाकडं बघतात. सासूबाई म्हणायच्या, "माळ्यावरचा डबा काढायला हिला स्टूल लागतं, आणि निघाली धोंड्यावर चढायला." खोटं नव्हतं ते.

भाऊ पुण्यात नोकरीला. तिथंच शिकला आणि मला शिकवलं. रीतही त्यानंच शिकवली. नवी जागा सापडली की आधी मालकाला विचारायचं. हात घसरू नये म्हणून लावलेल्या चॉकच्या भुकटीचे पांढरे डाग निघताना ब्रशनं पुसायचे. पकड मिळत नाही म्हणून दगडाला छिन्नी लावायची नाही. आणि मालक हो म्हणेपर्यंत जागेचा पत्ता कुणाला द्यायचा नाही.

त्या रानाच्या म्हाताऱ्या मालकांना आम्ही मामा म्हणायचो. त्यांनी आपल्या दोन अटी घातल्या. शेंदूर लावलेल्या दगडाला पाय लावायचा नाही. आणि बांधावरून हाक मारायची, त्यांनी "या" म्हटलं की मगच आत यायचं. "रान हाय, चावडी न्हाय," म्हणाले. मामा विहिरीकडं असले की उत्तर येईपर्यंत उन्हात ताटकळायचं. भाऊ वैतागायचा. मला मात्र ते लई आवडायचं, आपल्याला कुणीतरी घरात घेतंय असं वाटायचं.

पुंजक्यात पोट सुटलेला एक दगड होता. तो माझा. अख्खा हिवाळा मी त्याच्याशी झोंबले, आणि दरवेळी वरच्या काठाच्या वीतभर खालून हात सुटायचा. भाऊ सहज चढला असता. पण ज्यानं दगड आधी धरला त्याला पहिली संधी, हीसुद्धा रीतच. तो थांबला. एवढं पाळलं गड्यानं.

आणि संक्रांतीच्या सुमारास रील टाकली, लोकेशनसकट.

मी फोनवर तोंड सोडलं. तो म्हणाला, "अगं, चांगली जागा दाबून ठेवायची म्हणजे स्वार्थच की. सोलापूरचं नाव होईल." झालं नाव. पुढच्या रविवारी ज्वारीत गाड्यांची चाकं गेली. हाक कुणी मारली नाही, कारण मामा काही रीलमध्ये नव्हते. शेंदराच्या दगडावर चॉकचे पांढरे पंजे उमटले. मामांनी घागरभर पाणी ओतून ते धुतले.

मग कुणीतरी गादी न टाकता चढलं, पडलं आणि पाय मोडून घेतला. पोलीस मामांच्या दारात आले. तुमच्या रानात माणूस पडलाच कसा, म्हणे. मामांच्या मुलानं ठरवून टाकलं, ही ब्यादच नको, ब्रेकर लावून दगड फोडायचे.

मी धावत गेले. म्हटलं, "मामा, आम्ही पाटी लावतो, सगळ्यांना सांगतो."

"कुणाकुणाला सांगताय, ताई?"

भावानं रील काढून टाकली होती, पण तोवर ती कुठं कुठं गेली होती.

पुढच्या रविवारी एकटीच गेले. सवयीनं बांधावर थांबून हाक मारली. मामा खोपीच्या सावलीला बसले होते.

"या की," म्हणाले. "सुक्याबरोबर ओलंबी जळतंय."

शेंदराचा दगड तेवढा ठेवला होता. बाकी सगळा कपच्यांचा ढीग. माझ्या दगडाचा वरचा काठ मी लगेच ओळखला, पायाशीच पडला होता. मी खाली बसले आणि त्याच्यावर हात ठेवला. पकड चांगली होती.