फोटोपुरती लाल खूण

एकदा मी दोन बोल्टांना लाल रंग फासला, फोटोत बरे दिसावेत म्हणून. माणूस किती तऱ्हांनी मूर्खपणा करू शकतो हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण त्यातल्या बऱ्याच तऱ्हा मी स्वतः करून पाहिल्या आहेत. सासरच्या पहिल्याच सणाला साखरेऐवजी मीठ घातलेला शिरा मी वाढलेला आहे. तो किस्सा नातवंडं हट्टानं सांगायला लावतात आणि मीही तिखटमीठ लावून सांगते. शिऱ्याचं काय, तो गाईला घातला आणि विषय संपला. बोल्टांचा किस्सा मी घरात कधी सांगितला नाही.

ऐंशी सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. देवरूखच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन मी रत्नागिरीला नोकरीला लागले होते. गावच्या वरच्या अंगाला, उघड्या कातळावर पत्र्याच्या शेडी उभ्या राहत होत्या, त्यातल्या एका शेडीत. हुद्दा ट्रेसर. म्हणजे साहेबांनी पेन्सिलीनं काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायचं. शिवाय अक्षर बरं म्हणून तयार मालावर स्टेन्सिलनं नंबर रंगवायचे. पण ही बाई चालायची अशी, की कारखाना हिच्याच डोक्यावर उभा आहे. न्यूटनचे नियम पाठ होते ना बाईला! पाना कुठल्या बाजूला फिरवला की नट आवळतो, ते मात्र सहा महिने नक्की माहीत नव्हतं.

आमच्याकडे वीजघरांसाठी लोखंडी स्टँड बनत. त्यांच्यावर बॅटऱ्यांच्या रांगा ठेवायच्या, ॲसिडनं भरलेल्या, एकेक उचलताना कंबर धरेल अशा. भूकंप झाला की आधी वीज जाते. मग दिवे लावायला आणि यंत्रं सुखरूप बंद करायला ह्या बॅटऱ्याच उरतात. त्या स्टँडवरून खाली आल्या तर सगळाच अंधार. म्हणून मोठ्या कामाची ऑर्डर आली तेव्हा अट होती: स्टँड भूकंपात टिकतो हे सिद्ध करून द्या. पुण्याहून आलेले आमचे तरुण साहेब महिनाभर आकडेमोड करत होते. कुठल्या मजल्यावर स्टँड ठेवला तर तो किती झुलेल, कुठल्या पट्टीवर किती ताण येईल. आणि शेवटी तो लांबच्या एका शहरातल्या प्रयोगशाळेत न्यायचा होता. तिथे एक मोठं हलतं टेबल होतं. त्यावर स्टँड घट्ट बसवून, बॅटऱ्या चढवून, भूकंपासारखे हिसके द्यायचे.

साहेबांनी एकदा दोऱ्याला नट बांधून, तो झुलवून आम्हाला ह्याचं शास्त्र समजावलं. मी मान डोलावली, कळलं काहीच नाही. मागे आमचे मिस्त्री उभे होते. ते म्हणाले, "म्हणजे कसं, माड हळू डुलतो, पोफळ झपझप डुलते. वारा एकच, नाचणं ज्याचं त्याचं. आपल्या स्टँडाचं नाचणं नि भुईचं नाचणं एक झालं की संपलं."

साहेब म्हणाले, "मिस्त्री, उद्यापासून तुम्हीच शिकवा."

हे मिस्त्री पंचावन्नच्या आसपासचे. घर देवरूखच्या पलीकडे डोंगरातल्या गावात; आठवडाभर इथे खोलीवर राहत आणि शनिवारी एसटीनं घरी जात. दोन्ही नडग्यांवर पांढरे चट्टे होते. तरुणपणी कुठल्याशा वीजघरात असताना भूकंपात बॅटऱ्यांचा स्टँड त्यांच्यासमोर कोसळला होता. त्याचं ॲसिड. त्याबद्दल ते फार बोलत नसत. बोल्ट मात्र असे आवळत, की पाहत राहावं. आकडा दाखवणारा लांब पाना लावायचा, काटा ठरल्या जागी आला की थांबायचं, आणि मग नटावरून खालच्या पट्टीवर बारीक ब्रशानं एक लाल रेघ ओढायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. नट आवळल्याशिवाय रेघ नाही, आणि रेघ नाही तर आवळलेला नाही, असा त्यांचा कायदा.

मी एकदा विचारलं, "मिस्त्रीकाका, आवळलेले तुमच्या लक्षात राहत नाहीत का?"

"डोक्यावर भरवसा नाय ठेवायचा गो बाय. मधेच चहा येतो, फोन येतो, बायको आठवते. रेघ कुठं जात नाय. मला काय इचारू नको, रेघेला इचार."

इतकं स्पष्ट सांगितलं होतं. मी हसले होते.

स्टँड ट्रकवर चढायचा त्या दिवशी फाइलसाठी फोटो काढायचे ठरलं. बाजारातला फोटोग्राफर आला. लग्नमुंजींचे फोटो काढणारा गडी. आदल्या दिवशी मिरकरवाड्याला नव्या ट्रॉलरच्या पूजेचे फोटो काढून आलेला. मी मोरपंखी साडी नेसून गेले होते. फोटो स्टँडचा होता हे मला सांगायची कोणाला गरज वाटली नसावी. मिस्त्री मागच्या बाजूचे शेवटचे बोल्ट आवळत होते, तेवढ्यात मॅनेजरांच्या खोलीतून हाक आली: मुंबईहून ट्रंक कॉल. पाना तिथेच ठेवून ते धावले.

फोटोग्राफर मागे गेला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "ताई, सगळ्यांना लाल लावलंय, ही खालची दोन बोडकी का? फोटोत घाण दिसतील हां."

मी वाकून पाहिलं. खालच्या तिरप्या पट्टीचे दोन नट, बिनरेघेचे. मला वाटलं, म्हातारा घाईत रेघ ओढायला विसरला. नंबर रंगवायचा लाल रंगाचा डबा माझ्याच हातात होता. मी दोन रेघा ओढल्या, सरळ, सुंदर, त्यांच्यापेक्षा बारीक. वर पदर सावरून विचारलं, "आता?"

"आता कसं! नवरीसारखा दिसतोय," तो म्हणाला, आणि त्यानं फोटो काढला.

मिस्त्री आले ते हसतच. मुलगा बोटीवर लागला होता, पहिल्या सफरीला निघणार होता. सगळ्यांना सांगत सांगत त्यांनी स्टँडाभोवती फेरी मारली. बोट रेघांवरून फिरवत, मोजत. त्या दोन रेघांवरूनही बोट गेलं. मी तिथेच उभी होते. "झालं," ते म्हणाले, आणि पाना पुसून ठेवला.

हलत्या टेबलावर तिसऱ्या फेरीला मागची पट्टी सुटली. स्टँड आडवा झाला, बॅटऱ्या फुटल्या. कोणाला लागलं नाही, एवढं देवानं सांभाळलं. साहेब परत आले ते दोन नट पाकिटात घालून. मॅनेजरांच्या टेबलावर त्यांनी ते ठेवले आणि शेजारी तो फोटो ठेवला. मी नव्या ड्रॉइंगचे कागद घेऊन दारात उभी होते.

"वॉशर दबलेलेच नाहीत. हे नट हातानं फिरवून सोडलेले होते, आवळलेच नव्हते," साहेब म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "आणि फोटोत तर रेघ आहे, मिस्त्री."

मिस्त्रींनी फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. बराच वेळ पाहिला. मग दोन्ही नट तळहातावर घेतले, जणू कोणीतरी चिमणीची मेलेली पिल्लं आणून दिली असावीत. "रेघ माझीच," ते म्हणाले. "दुसरं कोण ओढणार? पोराच्या आनंदात आवळायच्या आधीच ओढली असेल. मला आठवत नाय."

तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. दारापासून टेबलापर्यंत चार पावलं होती. माझं लग्न ठरत होतं, वडिलांनी गावभर सांगितलं होतं की पोर इंजिनिअरच्या बरोबरीनं बसते. उद्या सांगू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या. उद्या ही फार सोयीची गोष्ट आहे. ती रोज नवी मिळते.

नवा स्टँड बनवायला घेतला. मिस्त्री आता एकेक बोल्ट तीन-तीनदा आवळत. रेघ ओढली की मला बोलावत, "बाय, बघ गो, मी हा आवळला ना?" मी म्हणे, "हो काका, आवळलात." तरी ते पुन्हा पाना लावत. एकदा तर जास्त जोर देऊन बोल्टच तोडला. रेघेवरचा त्यांचा भरवसा उडाला होता, आणि रेघेशिवाय त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. मॅनेजर वाईट माणूस नव्हते. "जरा विश्रांती घ्या," म्हणून त्यांनी मिस्त्रींना स्टोअरमध्ये बसवलं, खिळे-वॉशर द्यायला. दुसरा स्टँड दुसऱ्याच माणसानं आवळला. तो टेबलावर टिकला, शेडीत पेढे वाटले. स्टोअरच्या जाळीतून मिस्त्रींनी पेढा घेतला आणि बाजूला ठेवून दिला.

वर्षभरानं एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले. "तुझं अक्षर बरं आहे. एक अर्ज लिहून दे." नोकरी सोडण्याचा अर्ज होता. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले: मला विसर पडू लागला असल्यामुळे आणि माझ्यामुळे कोणाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून. आणि ही विदुषी काय करत होती? शुद्धलेखन तपासत होती! 'धोका पोचू नये' जास्त बरं दिसेल, असंही मी सुचवलं. ते म्हणाले, "घाल." मी घातलं. खाली त्यांनी सही केली, आणि सही बरोबर आहे ना, हेही मलाच विचारलं.

पुढे माझं लग्न झालं, नोकरी सुटली. थोरली मुलगी सात महिन्यांची होती तेव्हा एका लग्नासाठी देवरूखला गेले होते. तिथून मिस्त्रींच्या गावची एसटी सुटताना दिसली आणि मी चढले. नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणीकडे जाऊन येते. तेही खोटंच.

शेणानं सारवलेल्या अंगणात मिस्त्री दोरी वळत बसले होते. खूपच म्हातारे दिसत होते. मला पाहून मनापासून हसले. "आलीस गो? आणि हे कोण आणलंस?"

मी लेक पुढे केली. त्यांनी एकदम दोन्ही हात मागे घेतले. "नको, नको. हिच्याकडे दे."

त्यांची बायको पाणी घेऊन बाहेर आली होती. तिनं मुलीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "मनावर घेऊ नको हां. हे कोणाचंच पोर घेत नायत. घरात नातू झाला, त्याचा बाप बोटीवर, माझी सून एकटी, तरी ह्यांनी कधी हात लावला नाय. रहाटावर सुद्धा पाणी काढत नायत. म्हणतात, मी विसरेन नि सोडून देईन."

"तू गप," मिस्त्री म्हणाले. "चहा टाक."

ती आत गेली. ओट्याच्या कडेला चारेक वर्षांचा एक मुलगा सागरगोटे खेळत होता, आमच्याकडे पाठ करून. मी उभ्या उभ्याच सांगितलं. फोटोग्राफर, डबा, दोन रेघा, मोरपंखी साडीसुद्धा. काही वगळलं नाही. सांगताना रडले नाही. तेवढी लाज शिल्लक होती.

त्यांनी दोरी खाली ठेवली. "कुठली दोन?"

"मागची. खालच्या तिरप्या पट्टीची."

"मी फोनवर असताना?"

"हो."

"मी तेवढी दोनच ठेवली होती? बाकीची सगळी आवळलेली?"

"बाकीची सगळी, काका. बाकी काहीच हललं नव्हतं."

त्यांनी मान हलवली. मग ते मुलाकडे बघत राहिले. तो खेळतच होता. आतून चहाचा वास आला. मला वाटलं, आता ते मला घालवून देतील. मी पिशवी उचलली. तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पाच वर्षं झाली गो बाय. ह्या पोराला जन्मल्यापासून मी एकदा पण उचललं नाय, हातातनं पडेल म्हणून. आता तो मी बोलावलं तरी येत नाय."