दोन ओळींचं गाव

साताऱ्याकडच्या एका शाळेत मी अकरा वर्षं भूगोल शिकवला. त्यामुळे कुठलंही गाव दाखवा, पाच मिनिटांत त्याची कुंडली मांडून देईन, असा मला एक गर्व होता. तो जपानात, सेंदाईजवळच्या एका डोंगराळ तालुक्यात पुरता उतरला, त्याची ही हकिगत.

नवरा इथल्या विद्यापीठात संशोधक. मुलगी शाळेत जायला लागली तसा दिवसभर माझ्या हाताला उद्योग उरेना. मग ओळखीतून एक बाइतो मिळाला, म्हणजे अर्धवेळ काम. डोंगरातल्या एका नगरकार्यालयाला परदेशी पाहुण्यांसाठी इंग्रजी पुस्तिका काढायची होती. नगर म्हणायचं ते कागदावर. प्रत्यक्षात ती सहा वेगवेगळी गावं होती, माणसं कमी झाली म्हणून एका नावाखाली आणलेली. प्रत्येक गावाला एक पान. मी बसने जायचं, गावातलं कुणीतरी मला हिंडवून आणणार, आणि मी त्या गावाचा इतिहास आणि बघण्यासारखं काय आहे ते लिहायचं. लिहिलेलं त्या माणसाने तपासून शिक्का मारला की पान छापायला जाणार.

पहिली पाच गावं झकास झाली. एक जुन्या हमरस्त्यावरचं मुक्कामाचं गाव, सरदारांच्या लवाजम्यासाठी बांधलेल्या धर्मशाळा अजून उभ्या. एक रेशमाचं, तिथल्या घरांचे माळे किड्यांसाठी माणसांच्या खोल्यांपेक्षा ऐसपैस. एक गरम पाण्याच्या झऱ्यांचं. एका गावात लाकडी बाहुल्या करणारी तीन घरं आणि तिघांचं एकमेकांशी पटत नाही. प्रत्येक ठिकाणी मी वही भरून परत आले. कार्यालयातल्या बाई, माझ्याच वयाच्या, अतिशय टापटिपीच्या, दर वेळी म्हणायच्या, "सेन्सेई, किती पटकन झालं!" मला कुणी शिक्षिका म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे मी आणखी फुगायची.

सहावं गाव सगळ्यात वर. बस शेवटच्या थांब्यावर मला सोडून रिकामी परत गेली. नोव्हेंबर संपत आला होता आणि वारा कानातून आरपार जात होता. थांब्यावर ऐंशीच्या आसपासचे एक आजोबा उभे होते. आयुष्यभर याच डोंगरात पोस्टमन होते, असं मला बाईंनी सांगितलं होतं. त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला आणि पहिलंच वाक्य म्हणाले, "इतक्या लांब आलात, पण इथे काही नाही हो."

आम्ही तासभर चाललो. शेतं, बंद घरं, बंद शाळा, पुन्हा शेतं. मी विचारायची, हे काय? ते म्हणायचे, "विशेष काही नाही." ते काय? "जुनं आहे, एवढंच." एका वळणावर कोरलेले दगड रांगेने उभे होते, त्यांतल्या एकाला टेकवून मी थर्मास ठेवला आणि चहा घेतला. आजोबा शेजारी उभे राहिले. मग त्यांच्या घरी नेलं, व्हरांड्यात बसवून वाळवलेली गोड पर्सिमन फळं खायला दिली. जाताना परत म्हणाले, "खरंच, दाखवण्यासारखं काही नाही. तुमचा वेळ गेला."

माझे पाय गारठले होते आणि परतीची बस साडेतीनची होती. पडत्या फळाची आज्ञा समजून मी घरी आले आणि दोन ओळी लिहिल्या. *डोंगरातलं एक शांत गाव. खास बघण्यासारखं काही नाही.* उरलेल्या पानावर बाईंनी धुक्याचा एक मोठा फोटो टाकला.

आठवड्याने मी शेवटचे कागद तपासायला कार्यालयात गेले. बाई जरा अवघडल्यासारख्या दिसल्या. म्हणाल्या, "वरच्या गावचे आजोबा काल स्वतः बसने आले होते. छापलं की चार प्रती जास्त द्याल का, म्हणून विचारत होते."

"चार कशाला?"

"त्यांची मुलगी कॅनडात असते. नातवंडांना जपानी वाचता येत नाही, इंग्रजीच येतं. गावाबद्दल इंग्रजीत काही छापलं जातंय हे कळल्यापासून ते वाट बघत होते, म्हणे. मुलांना एकदा कळावं, आपण कुठले ते."

मग त्यांनी मला आजोबांकडून आलेला कागद दाखवला. माझ्या दोन ओळी होत्या. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने, पोस्टमनच्या सुबक अक्षरात, जपानी अर्थ लिहिला होता. शब्दकोश घेऊन बसले असणार. 'शांत'वर अर्थ. 'गाव'वर अर्थ. 'काही नाही'वर अर्थ. आणि खाली, कडेला जराही न लागता, त्यांचा लाल शिक्का. मान्य.

माझी कानशिलं तापली. आजोबांचा राग नाही आला, माझाच आला. माझी आई पुरणपोळी, कटाची आमटी, दोन भाज्या, भजी असं ताट वाढायची आणि पाहुण्याला म्हणायची, "काही केलं नाही हो, भाजी-भाकरीच आहे." त्यावर "बरं, मग राहू द्या" म्हणून उठून गेलेला एकही पाहुणा मी पाहिलेला नाही. जवळजवळ सात हजार किलोमीटर लांब येऊन मी नेमकं तेच केलं होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी तेवढीही शहाणी निघाले नाही. त्यातून परत, दोनच महिन्यांपूर्वी माझ्या मुलीने शाळेच्या एका तक्त्यासाठी विचारलं होतं, "आई, तुझ्या गावात नानि गा आरु नो?" काय काय आहे तिथे? पोळी लाटता लाटता मी म्हटलं होतं, "काही विशेष नाही गं, छोटंसं गाव आहे." तिने तसंच लिहून टाकलं आणि उरलेल्या जागेत गाय काढली.

मी बाईंना म्हटलं, हे पान मला परत लिहायचंय. त्यांनी हळूच श्वास आत ओढला. जपानात असा श्वास ओढला की समजावं, काम कठीण आहे. शिक्का पडलेला कागद उघडायचा म्हणजे शिक्का मारणाऱ्याने चुकलो म्हणायचं, आणि आजोबा तसं कधीच म्हणणार नाहीत, कारण मग माझी चूक चव्हाट्यावर येईल. "शुक्रवारी सकाळी छापखान्यात जातंय," त्या म्हणाल्या. "त्याआधी नव्या मजकुरावर त्यांचा शिक्का आणलात, तर मी वरच्यांशी बोलते." तो बुधवार होता.

गुरुवारी सकाळची पहिली बस धरली. रात्रीत पहिलं बर्फ पडून गेलं होतं. आजोबांनी दार उघडलं तेव्हा मी दारातच वाकून माफी मागितली. ते इतके गोंधळले की तेही वाकले, आणि आम्ही दोघं बराच वेळ वाकत राहिलो. "अहो, बरोबरच लिहिलंय तुम्ही," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं ना. काही नाही इथे."

आत त्यांनी कोतात्सुपाशी बसवलं. ते रजई घातलेलं बुटकं टेबल, खाली हीटर. पाय आत घातले आणि मला कळेना, आता विचारायचं कसं? पुन्हा प्रश्न केला की पुन्हा तेच उत्तर. माझी वही कोरी, परतीची बस साडेतीनची, आणि समोर सगळं गाव डोक्यात घेऊन बसलेला माणूस चहा ओतत होता. म्हणून मी विचारायचंच सोडून दिलं.

"आमच्या गावात पण काही नाही," मी म्हटलं. "एक बारव आहे फक्त. जमिनीत खोल उतरणाऱ्या पायऱ्यांची विहीर. दुष्काळात तीन गावांची जनावरं तिच्यावर जगायची. बाकी काही नाही."

आजोबांनी मान हलवली. म्हणाले, "आमच्याकडे तर विहीरही नाही. मागे एक झरा आहे, एवढंच. थंडीत गोठत नाही. बायका बर्फात तिथे मुळे धुवायच्या, तर पाण्यातून वाफ यायची."

"आमच्याकडे वजन उचलायचा एक दगड आहे, देवळापुढे. तो उचलल्याशिवाय मुलाचं लग्न ठरत नसे. साधा दगड."

"आमचे दगडही साधेच. घोड्यांचे आहेत."

"घोड्यांचे?"

मग ते सुटले. समुद्राकडून मीठ आणि सुके मासे घेऊन घोडे याच खिंडीतून पलीकडे जायचे, त्यांच्या आजोबांच्या आजोबांच्या काळापासून. चढावर जो घोडा पडायचा, त्याच्या नावाने मालक एक दगड उभा करायचा. मी ज्याला थर्मास टेकवला होता, तो त्यांतलाच एक. माझा चेहरा बघून ते घाईने म्हणाले, "घोड्याला चहाचं काही वाटत नाही हो." त्यांच्या तोंडून ऐकलेली ही पहिली चेष्टा.

पुढे बोलण्यात कोळशाच्या भट्ट्या आल्या. धुराच्या रंगावरून लाकूड कुठवर जळलं ते सांगणारी एक म्हातारी आली. शाळेचा एकच वर्ग, त्यात सहा इयत्ता आणि एक शिक्षक. गावात सगळ्यांचं आडनाव एकच, म्हणून पत्र कुणाचं ते घराच्या नावावरून ओळखायचं: वरचं घर, तेलाचं घर, उंबरठ्याशी पाणी असलेलं घर. सरकारने घरांना नंबर दिले तेव्हा सगळ्यात जास्त घोटाळा पोस्टमनचाच झाला. असं एक घर होतं, ते म्हणाले, की माणसं आणि घोडे एकाच छपराखाली राहायचे. चुलीची ऊब भिंतीपलीकडे तबेल्यात जायची. हिमवादळात लांबच्या वस्तीवरची शाळकरी मुलं तिथेच अडकायची, कधी चार चार दिवस, आणि घोड्यांच्या वरच्या माळ्यावर गवतात झोपायची. "फार विशेष नाही," ते म्हणाले. "गरम असायचं, एवढंच."

मी लिहीत गेले. जेवायची वेळ टळली तरी लिहीत होते. मध्ये त्यांनी उठून दोघांसाठी उदोन, म्हणजे जाड शेवया, उकळल्या. तीन वाजता मी मजकूर जपानीत वाचून दाखवला. माझं जपानी कामापुरतं. दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्ती केली, आणि "फार लांब झालंय, इतकं काही नाही" असं म्हणत ड्रॉवरमधून शिक्का काढला. शुक्रवारी पान छापखान्यात गेलं. धुक्याचा फोटो काडेपेटीएवढा छोटा झाला.

त्या रात्री मुलीला मी बारवेबद्दल सांगायला घेतलं. "आता कशाला? तक्ता तर दिला," ती म्हणाली. पण ऐकलं.

एप्रिलमध्ये पुस्तिका आल्या. चार प्रती कॅनडाला गेल्या, आणि एका रविवारी आजोबांनी मला बोलावून घेतलं. नात फोनवर ते पान वाचून दाखवणार होती, मध्ये भाषेची अडचण आली तर मी असावं म्हणून. सकाळचे दहा वाजले होते, तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ संपत आली होती. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. पडद्यावर बाराएक वर्षांची मुलगी, दाताला तारा.

ती वाचायला लागली. आजोबांना एक अक्षर कळत नव्हतं. ते हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते. मीठ, घोडे, दगड, झरा असं एकेक मी हळूच जपानीत सांगत होते. तबेल्याच्या घरापाशी ती थांबली. तिने मोडक्यातोडक्या जपानीत आजोबांनाच विचारलं, "मुलं झोपायची ते घर... आता नाही?"

मी तसंच लिहिलं होतं. असं एक घर होतं.

आजोबा जरा चुळबुळले. "आहे," ते म्हणाले. "त्यातच बसलोय मी."

मी मान वर केली. डोक्यावर काळ्या पडलेल्या तुळया होत्या, आणि उजवीकडे, जे दार मी इतके दिवस सरपणाच्या खोलीचं समजत होते, त्याच्या चौकटीचा कडेचा भाग घासून घासून माणसाच्या खांद्यापेक्षा वर गुळगुळीत झाला होता. तो घोड्यांच्या मानांनी झाला होता. म्हणजे दुसऱ्यांदा फसले होते मी, आणि या वेळी छापून. मला लाज वाटली आणि त्याच वेळी त्या माणसाबद्दल माया.

तिकडे नात ओरडली, "खरंच? दाखवा!"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू परवानगी मागत होते. मग फोन बरणीपासून उचलला, दोन्ही हातांनी, पत्र धरावं तसा. तबेल्याचं दार सरकवलं. "हे बघ," मला ऐकू आलं. "इथे तीन असायचे. आणि वर, दिसतंय का, तिथे मीही झोपलोय, तुझ्याएवढा असताना." मग रबरी बूट घातल्याचा आवाज, बाहेरचं दार, आणि त्यांचा आवाज चढावर लांब लांब जात राहिला. हे बघ. आणि हे. थांब, वर अजून आहे.

मी माझा चहा ओतून घेतला. तासाभराने ते परत आले, धापा टाकत, गाल लाल, बूट चिखलाने भरलेले. फोनची बॅटरी संपली होती.

"झरा राहिलाय अजून," ते म्हणाले. "चार्जर आहे का तुमच्याकडे?"